तीन सुनांचे सासरे

आमच्या समोरच्या भाऊजींच्या घरात निर्जीव अशी एकही वस्तू नाही. पंख्याला दमायला होते, पाण्याच्या मोटारीला राग येतो, आणि स्कूटरला चारचौघांत लाथ मारली तर तिचा अपमान होतो, म्हणून ते तिला आधी घरामागे नेतात आणि तिथे सुरू करतात. नालवाडीत राहायला आल्यापासून मी हे बघते आहे. एका एकादशीला त्यांनी मिक्सरलासुद्धा सुट्टी दिली. म्हणाले, "वर्षभर दळून राह्यला बिचारा, एक दिवस तं आराम पायजे." त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या ताईंनी, पाट्यावर शेंगदाणे वाटता वाटता विचारले, "अन् माह्या हाताले कोनती एकादशी?" भाऊजी खरेच ओशाळले आणि उरलेले शेंगदाणे त्यांनी स्वतः वाटले.

भाऊजी लग्नांचे व्हिडिओ जुळवून देतात. त्यासाठी घेतलेल्या त्यांच्या कॉम्प्युटरात एक सोडून तीन ग्राफिक्स कार्डे आहेत. पडद्यावरची चित्रे ही कार्डे उभी करतात, एवढेच मला कळते. भाऊजींना मूलबाळ नाही, पण या तिघींना ते सुना म्हणतात. थोरली समजूतदार, धाकटी हुशार पण लवकर तापणारी, आणि मधलीबद्दल सांगताना ते माझ्याकडे बघतात, "तिचं मन मोठं हाय वैनी, फक्त बोलत नाई." मी त्यांच्याकडे गेले की दाराजवळच बसते, तोंडातून शब्द निघत नाही. ते मात्र मी उत्तर दिल्यासारखे बोलत राहतात. इतके मोकळे मला दुसऱ्या कुणासमोर वाटत नाही.

माझी मुलगी प्रणाली हलती चित्रे करायला शिकत होती. शेवटच्या परीक्षेसाठी तिला पवनारच्या धाम नदीचे वाहते पाणी पडद्यावर करायचे होते. आमच्याकडे कॉम्प्युटर नाही, म्हणून सगळे काम भाऊजींकडे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते द्यायचे होते. वर्ष गेले की शिक्षण बंद, असे तिच्या वडिलांनी आधीच सांगून ठेवले होते.

आणि नवमीच्या सकाळी भाऊजींनी पूजेसाठी कॉम्प्युटर उघडला. बाहेरच्या डब्याला कुंकू लावणे त्यांना पटेना. "भिताडाले कुंकू लावते का कोनी? घरातल्या बायाइले लावते." तिघींना त्यांनी बाहेर काढले, पाटावर बसवले, हळदकुंकू लावले, झेंडू वाहिला आणि परत आपापल्या जागी बसवले. दुपारी प्रणालीने बटण दाबले. आतले पंखे फिरले, पडदा काळाच राहिला.

भाऊजींनी वायर काढून लावली, घरातला दुसरा पडदा आणून जोडला. काही नाही. मग डब्यात वाकून हळूच विचारले, "कोनाले फूल कमी पडलं का वं?" प्रणाली रडकुंडीला आली. ताई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "पोरीचं वर्ष जाऊन राह्यलं अन् तुमी सुनाइची समजूत काढून राह्यले!"

तेव्हा कुठे भाऊजी भानावर आले. "एकेकीले इचारतो," म्हणाले. तिघींना काढून त्यांनी एकेकीला एकटीच बसवून पाहिले. थोरली बसली, चित्र आले. धाकटी बसली, चित्र आले. मधली बसली, पडदा काळा. दोघींवर भागवावे, तर काम वेळेत निघणारे नव्हते. त्यांनी मधलीला खिडकीच्या उजेडात धरले. कार्डाच्या खालच्या बाजूला सोनेरी दात असतात, त्यांनी ते जागेवर बसते. त्या दातांवर ओल्या कुंकवाचा जाड थर वाळला होता.

"इतकं चोळाले कोनं सांगतलं होतं तुमाले?" ताई म्हणाल्या.

भाऊजी खाली मान घालून म्हणाले, "बोलत नाई म्हनून तिले जरा जास्त लावलं."

प्रणालीने आपल्या खोडरबराने ते दात हळूहळू घासले. मी दाराजवळून कधी उठले ते कळले नाही, पण टॉर्च माझ्याच हातात होता. तिघी परत बसल्या, बटण दाबले, आणि जरा वेळाने पडद्यावर धामचे पाणी खडकांवरून वाहू लागले. "वाचलो बाप्पा!" म्हणत भाऊजी मटकन जमिनीवरच बसले, कपाळाला हात लावला, तर कपाळभर कुंकू. मला हसू आवरेना. त्या घरात इतक्या मोठ्याने मी कधी हसले नव्हते. भाऊजी ताईंना म्हणाले, "पाय, आमच्या वैनीले आवाज हाय!"

काम वेळेत गेले. प्रणाली पास झाली आणि आता पुण्यात नोकरी करते.

या नवमीला भाऊजींनी डबा उघडला नाही. बाहेरूनच कुंकवाची तीन बोटे लावली. मग थोडे थांबून चौथे बोट त्यांनी प्रणाली बसायची त्या खुर्चीच्या पाठीला लावले. पाटावर एक झेंडू उरला होता, तो मी उचलून खुर्चीवर ठेवला.