वरच्या मजल्यावरचा झेंडा

इथे आखातात, सनदच्या आमच्या इमारतीतल्या त्या बाल्कनीचा फोटो मीच काढला. पुढे जे झालं त्याचा दोष मी बरेच दिवस ग्रुपमधल्या लोकांवर टाकला, घरमालकाच्या ऑफिसवर टाकला, स्वतःच्या झोपेवरही टाकून पाहिला. पण फोटो माझा होता आणि त्याखालची ओळही माझीच.

सव्वीस जानेवारीची सकाळ होती. सित्र्याच्या प्लांटमधली रात्रपाळी संपवून कंपनीच्या बसमधून उतरलो होतो. झेंडावंदनाला जायचं याही वर्षी राहून गेलं म्हणून मन खट्टू होतं. सहज वर पाहिलं, तर आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाल्कनीच्या कठड्याला केशरी, पांढरं, हिरवं कापड बांधलेलं. पट्टे आडवे नव्हते, उभे होते. आणि मध्ये चक्र नव्हतं.

पट्टे उभे असणं मी सोडून दिलं असतं. चक्र नसणं मला लागलं. आम्ही बौद्ध. लहानपणी वडील शाळेच्या झेंड्याकडे बोट दाखवून सांगायचे, ते मधलं चक्र आपलं आहे, त्यावर लक्ष ठेव. पन्नाशी ओलांडली तरी झेंडा दिसला की माझी नजर आधी मधोमध जाते.

खाली नातूर गाडी पुसत होता. इमारतीचा रखवालदार, त्याला इथे नातूर म्हणतात. मी विचारलं, "ये किसने लगाया?"

"ऊपरवाली मैडम ने, साब. उनका फुटबॉल है."

"आज छब्बीस जनवरी है. फुटबॉल कहाँ से आया? निकालने को बोलो."

"बोलता हूँ साब. आप सो जाओ पहले."

मी झोपलो, पण त्याआधी फोटो काढून इमारतीतल्या आणि आसपासच्या भारतीयांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आपल्याच इमारतीत तिरंग्याचा अपमान. चक्र कुठे आहे?'

दुपारी उठलो तेव्हा ग्रुप पेटला होता आणि कठडा रिकामा होता. जेवताना मुलीने माझ्या फोनमध्ये डोकावून पाहिलं. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं.

"बाबा, दॅट्स आयव्हरी कोस्ट."

"काय?"

"देअर फ्लॅग. मादाम इज फ्रॉम देअर. देअर टीम इज प्लेइंग."

बायकोने भाताचा चमचा तसाच हातात धरला. "म्हणजे त्या फ्रेंच शिकवणाऱ्या बाईंचा? अहो, हिला परीक्षेच्या आधी बसवून शिकवलं होतं त्यांनी." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "उद्या कुणाच्या दोरीवर हिरवा टॉवेल वाळत दिसला तर त्याचाही फोटो काढाल."

मी फोनवर शोधलं. तो झेंडाच होता. पश्चिम आफ्रिकेतल्या त्या देशाने फ्रेंचांपासून स्वतंत्र व्हायच्या काही महिने आधी तो स्वीकारला. पट्टे उभे, कारण राज्य करणाऱ्यांचा झेंडाही तसाच उभ्या पट्ट्यांचा. केशरी म्हणजे उत्तरेकडचं गवताळ माळरान, हिरवा म्हणजे दक्षिणेची जंगलं, आणि मधला पांढरा शांततेचा. तेच तीन रंग उलट्या क्रमाने लावले की आयर्लंड होतं. त्याच भागातल्या नायजर देशाने तेच रंग आडवे घेतले आणि मधोमध केशरी गोल ठेवला. तो झेंडा पाहिला असता तर मी आणखी काय केलं असतं कुणास ठाऊक. पुढे आयव्हरी कोस्टमध्ये यादवी झाली. उत्तर एकीकडे, दक्षिण दुसरीकडे, असा तो काही वर्षं दुभंगला होता. मला त्या मधल्या पांढऱ्या पट्टीत फक्त चक्राची रिकामी जागा दिसली होती.

मी ग्रुपवरचा फोटो पुसला. काही लिहिलं नाही. 'चूक झाली' एवढे दोन शब्द लिहायचे होते. पण खाली माझं कौतुक करणारी माणसं होती, कुणी 'जय हिंद भाऊ' लिहिलं होतं, कुणी 'तुमच्यासारखी जागरूक माणसं हवीत'. त्यांच्यासमोर मूर्ख ठरायला नको, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

तोवर दोघातिघांनी तो फोटो घरमालकाच्या ऑफिसला पाठवला होता. फोनही केले होते. चारपाच दिवसांनी नातूरने जिन्यात सांगितलं, "मैडम का ऍग्रीमेंट फरवरी में खलास. ऑफिसवाला बोला, रिन्यू मफी, नहीं करेगा."

"क्यों?"

"झगड़ेवाला आदमी नहीं रखना, ऐसा बोला." मग खाली पाहत म्हणाला, "मैं तो फुटबॉल बोला था साब."

बाई लिफ्टमध्ये भेटायच्या. एकट्या राहायच्या, पहिल्यापासून हसून बोलायच्या. त्या आठवड्यात त्यांच्या हातात रिकामी खोकी होती. इंग्रजीत म्हणाल्या, "तुमच्या ओळखीत कुणाकडे छोटा फ्लॅट रिकामा आहे का? शाळेजवळ सगळं महाग आहे. माझ्याबद्दल कुणीतरी तक्रार केली म्हणे. कशाची, ते कुणी सांगत नाही. गॅलरीत काही बांधू नका म्हणाले, मी लगेच सोडलं. तरीही."

मी म्हणालो, "बघतो, इंशाल्ला."

लिफ्ट थांबली. मी एक मजला आधीच उतरलो आणि जिन्याने चढलो.

फेब्रुवारीत त्यांचा देश ती फुटबॉल स्पर्धा जिंकला. गटातच बाहेर पडता पडता वाचलेला संघ शेवटी जिंकला, असं मुलीने सकाळी डबा भरताना सांगितलं. मी बससाठी खाली उतरलो आणि वर पाहिलं. त्या दिवशी तरी त्यांनी झेंडा लावावा असं वाटत होतं. कठड्यावर फक्त एक पायपुसणं वाळत होतं.

बसमध्ये सगळे झोपतात. मला झोप लागली नाही. मी पाचवीत असताना वडिलांनी तालुक्याच्या गावी खोली भाड्याने घेतली होती. भिंतीवरच्या तसबिरी पाहून आम्ही कोण ते शेजाऱ्यांना कळलं, आणि कुणीतरी मालकाच्या कानावर घातलं. महिन्याच्या आत सामान हातगाडीवर. मालक म्हणाला, माझं काही नाही हो, लोक बोलतात. कोण लोक, ते त्याने सांगितलं नाही. आई कितीतरी वर्षं म्हणायची, कोण बोललं ते एकदा कळलं असतं तर बरं झालं असतं. गल्लीतल्या प्रत्येक माणसाकडे संशयाने बघावं लागलं नसतं. तो कोण माणूस असेल याचा मी लहानपणी फार विचार करायचो. मला वाटायचं तो दिसायलाच दुष्ट असेल. तो रात्रपाळीहून थकून आलेला साधा माणूसही असू शकतो, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

प्लांटवर पोचेपर्यंत मी ग्रुपवर सगळं लिहिलं. झेंडा कुणाचा होता, फोटो कुणी टाकला, बाईंना घर का सोडावं लागतंय. एकाने हसरा चेहरा टाकला. एकाने लिहिलं, 'सोडा हो, आता काय त्याचं.' बहुतेकांनी काहीच लिहिलं नाही. सुट्टीच्या दिवशी मालकाच्या ऑफिसात गेलो. तिथल्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं, चहा दिला आणि म्हणाला, "भाई, फ्लॅट दुसरे को दे दिया. खलास. पहले आते."

तिथून घरी न जाता मी सरळ वरच्या मजल्यावर गेलो. दार उघडंच होतं. खोकी भिंतीला लागून रचलेली, बाई जमिनीवर बसून ताटं कागदात गुंडाळत होत्या. त्यांना वाटलं मी फ्लॅटचा निरोप घेऊन आलोय. "मिळाला का कुठे?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "नाही. तुम्ही म्हणाला होतात, कुणीतरी तक्रार केली. ती झेंड्याबद्दल होती. त्याचा फोटो मी काढून आमच्या ग्रुपवर टाकला होता. मला तो आमचा झेंडा वाटला, चक्र नसलेला."

त्यांनी हातातलं ताट खाली ठेवलं. मग विचारलं, "तुमचा नाही, हे तुम्हाला कधी कळलं?"

इथे खोटं बोलता आलं असतं. काल कळलं म्हणालो असतो तर त्यांनी कदाचित मला बसायला सांगितलं असतं.

"त्याच दुपारी," मी म्हणालो. "झेंडा ओळखता आला नाही, त्याला अज्ञान म्हणता येईल. पण कळल्यानंतरही मी गप्प बसलो. लिफ्टमध्ये तुम्ही विचारलंत तेव्हाही गप्प बसलो. तेव्हाच बोललो असतो तर तुमचं घर राहिलं असतं. त्या गप्प बसण्याची मी तुमची माफी मागतो."