पूर्ण फी माफ

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, आईला नाही, आणि धाकट्या बहिणीला, सुरेखाला, तर नाहीच. तुम्हाला सांगायले म्हणून लगेच माझी कीव करू नका — ती मला नकोय.

बारावीला मी आमच्या झरी गावात पहिली आले. मार्कांवर दोन कॉलेजांनी फी माफीचं कबूल केलं. नांदेडला पूर्ण माफ, पुण्याला निम्मी. शहाणा माणूस काय म्हणेल? नांदेड. पण नांदेड म्हणजे मोठ्या काकांच्या घरी राहायचं, पहाटे उठून त्यांच्या पोरांचे डबे करायचे, आणि वर्षभरात काकूंनी एखादं स्थळ आणून उभं करायचं. मला पुणं पाहिजे होतं. लय पाहिजे होतं.

पुण्याच्या पत्रात आकडा नव्हता, नुसतं फी माफी लिहिलेलं. नक्की किती माफ ते विचारायला बाबा मला स्टँडवरच्या एसटीडी बूथवर घेऊन गेले. बाबा झरी-परभणी जीप चालवायचे. मी आत फोनवर, ते काचेबाहेर उभे. पलीकडच्या बाईंनी स्पष्ट सांगितलं — निम्मीच. मी दार ढकलून बाहेर आले आणि — तुम्हाला वाटेल जीभ अडखळली असेल? छे.

"पूर्ण माफ हाय, बाबा. नांदेडसारखीच."

भर स्टँडवर बाबा रडले. त्या रविवारी विहारात माझा सत्कार झाला. शाल, पुष्पगुच्छ, आणि माइकवरून सगळ्या वस्तीला सांगितलं — पोरगी पुण्याला चालली, पूर्ण फी माफ! आमच्याकडं सत्काराच्या माइकवर बोललेलं मागं घेता येत नाही. हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. त्याच भरवशावर तर बोलले होते.

पुण्यात बाबांना फाटकाशी पेटी राखत बसवलं. एकटी आत जाऊन आले आणि सांगितलं, शब्द फिरवला त्यांनी, निम्मी भरा म्हणतात. आता गावात परत जायचं कोणत्या तोंडानं? बाबांनी भरली. पुढं दरवर्षी भरली. त्यात सुरेखाचं नर्सिंग राहिलं, तिचं लग्न लावून दिलं. तिनं मला कधी टोमणासुद्धा मारला नाही. शिव्या घातल्या त्या कॉलेजला. बाबा तर आजही जीपमध्ये बसेल त्याला सांगतात, पुण्याच्या कॉलेजनं आमाला कसं फसवलं.

पस्तावले का? नाही! निम्म्या फीवर पोराला पुण्याला धाडलं असतं, पोरीला कोणी धाडत नव्हतं. आज मी माझ्या कमाईचं खाते, माझ्या मनानं राहते. पुन्हा तो बूथ समोर आला तर पुन्हा तेच बोलेन. काय म्हणायचं ते म्हणा.

पण — यंदाचा जून.

सुरेखाची मुलगी समीक्षा बारावी झाली. तिलाही दोन ठिकाणी मिळत होतं. ह्यावेळी नांदेडला निम्मी माफ, आणि पुण्याला पूर्ण, हॉस्टेलसकट. माझंच कॉलेज. मी सुट्टीला आले होते. अंगणात बाज टाकून सगळे बसलेलो, समीक्षा मोबाइलवर कधी हे कॉलेज दाखवायची, कधी ते. बाबांनी मान हलवली.

"पुण्याचे लोक लबाड हायत. आधी पूर्ण म्हनत्यात, मग फाटकात नेऊन निम्मी मागत्यात. तुझ्या मावशीलाच इचार."

समीक्षा माझ्याकडं वळली. सुरेखाही बघायली होती. तिच्या हातातला चहा तसाच.

"खरंय का, मावशी?"

ह्या वेळी मला कुठं जायचं होतं? कोण अडवणार होतं मला? माझी नोकरी आहे, घर आहे, कोणाच्या बापाला भीत नाही असं मीच सांगत फिरते. बाबांकडं मात्र बघवलं नाही.

मी म्हणाले, "हो, खरंय."

समीक्षा नांदेडला गेली. हॉस्टेल परवडत नाही म्हणून मोठ्या काकांच्या घरी राहते. पहाटे उठून त्यांच्या नातवंडांचे डबे करते.