सुलूताईची बनियनं

लातूरच्या घरी आंघोळ करून मी नवं बनियन अंगात घालत होतो, तेवढ्यात मुखेडहून आईचा फोन आला. "सुलू गेली रे..." एवढंच ती बोलली. त्याला आता काही आठवडे झाले.

सुलूताई माझी थोरली बहीण. जन्मापासून तिची कातडी अशी, की कुणी जरा जोरात हात धरला तरी फोड यायचा, फुटायचा आणि जखम राहायची. आजार बरा होणारा नव्हता. जखमेला न चिकटणारी व्हॅसलीनची जाळी कुठं लावायची, वर मऊ घडी किती जाड ठेवायची, हे तीच ठरवायची. चिकटपट्टी मात्र तिला चालत नसे, निघताना ती कातडं घेऊनच निघायची. म्हणून ताई बनियन आडवं कापून त्याची नळी करायची आणि शिवण बाहेर ठेवून जखमेवर चढवायची. नवं बनियन तिला टोचायचं. मग ते आधी वडील नाहीतर मी घालायचो आणि धुऊन धुऊन मऊ झालं की ते ताईकडं जायचं. आमच्या घरात फाटेपर्यंत बनियन वापरायचं सुख कुणाला मिळालंच नाही.

माझ्या लग्नात करवलीचा मान तिला हवा होता. पितळी कऱ्हा आणि तिचे ते हात... आई नको नको म्हणत होती. ताईनं पहाटेच बसून एकेक बोट वेगळं गुंडाळलं. पण चारचौघांत पट्टी सुटू नये म्हणून आमच्या आत्यानं मायेनं मनगटावर चिकटपट्टी लावून टाकली. ताईच्या ते लक्षात आलं तेव्हा मुहूर्त जवळ आला होता. आत्या रडायलाच लागली, पटकन ओढून काढते म्हणाली. ताईनं आवाजसुद्धा चढवला नाही.

"आत्या, खोबरेल आण. मुहूर्त थांबंल, कातडं थांबत न्हाई."

ती कडेनं थेंब थेंब तेल सोडत बसली. बाहेरून भटजींच्या हाका येत होत्या. मी मुंडावळ्या बांधून दारात उभा, आणि जीव सगळा त्या मनगटात. चिकटपट्टी निघाली तेव्हा खालचं कातडं शाबूत होतं. ताईनं दुसरी नळी चढवली, कऱ्हा उचलला आणि शेवटची अक्षता पडेपर्यंत माझ्यामागं उभी राहिली. एवढा धीर माणसाच्या अंगात कुठून येतो, या विचारानं मी आजही थक्क होतो.

त्या फोनच्या दिवशीचं बनियन आता हाताला मऊ लागतं. परवा धुणं घडी करताना बायको सवयीनं म्हणाली, "हे आता मुखेडला..." आणि थांबली.

मी ते तिच्या हातातून घेतलं आणि पुन्हा अंगात घातलं.