नर्स इंगळेबाईंची चाकांवरची खोली

"इंगळे म्हंजे कोनते इंगळे?"

चिचझरीतल्या सातव्या ओसरीवर हा प्रश्न आला तेव्हा वच्छलाच्या हातात चहाचा कप होता. आधीच्या सहा ओसऱ्यांवरही असंच झालं होतं. वऱ्हाडात इंगळे सगळ्या जातींत सापडतात. त्यामुळे खोली दाखवून व्हायची, भाडं सांगून व्हायचं, "नर्सबाई घरात असली म्हंजे आमालेच बरं," असंही बोलून व्हायचं, आणि मग शेवटी हा प्रश्न यायचा.

"बौद्ध," वच्छला म्हणाली. हा शब्द तिनं आजवर कधी हळू आवाजात उच्चारला नव्हता.

घरधनी वाईट काही बोलला नाही. त्याला फक्त एकाएकी आठवलं, की ही खोली भाच्यासाठी ठेवली आहे, तो गावात शिकायला येणार आहे. चौथीपर्यंतची शाळा असलेल्या गावात हा कोणता भाचा शिकायला येणार, हे वच्छलानं विचारलं नाही. कपात उरलेला चहा तिनं सावकाश संपवला आणि मगच उठली.

ही चौऱ्याहत्तर सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. वच्छला तेव्हा सव्वीस वर्षांची होती. अकोल्याला नर्सचं शिक्षण झालेलं, पदरी चार वर्षांची विशाखा आणि सात महिन्यांचा मिलिंद. नवरा भिवाजी शेलूबाजारात जमशेद मिस्त्रीच्या गॅरेजात ट्रकच्या लाकडी बॉड्या बांधायचा. हात सोन्यासारखा, पण तोंडातून शब्द निघायची मारामार. वच्छलाची नेमणूक झाली मानोऱ्याच्या पलीकडच्या चिचझरीच्या उपकेंद्रावर. उपकेंद्र म्हणजे गावाच्या मध्यभागी, पंचायतीच्या शेजारी, झेडपीनं बांधलेली एकच खोली. त्यात बाळंतपणाचं टेबल, औषधांचं कपाट आणि फिरायला उरलेली चार हात जागा. राहण्याची सोय नाही. हुकमात मात्र स्पष्ट लिहिलं होतं, की नर्सनं मुख्यालयी राहावं, न राहिल्यास गैरहजर समजण्यात येईल.

बौद्ध वस्तीतल्या कमलीबाईनं तिला आपल्या पडवीत जागा दिली. कमलीबाईच्या एका खोलीत आठ माणसं झोपत होती, त्यामुळे लेकरं आणायची सोयच नव्हती. ती शेलूबाजारात सासूजवळ राहिली. वच्छला सहा दिवस गावात आणि एक दिवस लेकरांत. इथं दुसऱ्यांच्या बाळांना ती पहिली आंघोळ घालायची, आणि दुपार झाली की तिचं स्वतःचं पोलकं दुधानं भिजायचं. महिन्याभरानं एका रविवारी ती घरी गेली तर मिलिंदनं तोंड फिरवलं. त्याला बाटलीची सवय लागली होती. त्या दिवशी वच्छला रडली नाही. मिलिंदला सासूच्या मांडीवर ठेवून ती तडक गॅरेजवर गेली.

गॅरेजच्या मागे, बाभळीखाली, एक लांब नाकाची जुनी मोटार उभी होती. गावोगाव तंबूत सिनेमा दाखवणाऱ्या एका टॉकीजवाल्याची ती गाडी. धंदा मोडल्यावर तो ती जमशेदला देऊन गेला होता, आणि तोडून पत्रा विकायचं काम भिवाजीकडे आलं होतं. भिवाजी छिन्नी घेऊन निघालाच होता.

"थांबा," वच्छला म्हणाली. "तोडू नोका. टेप आना."

लांबी अकरा फूट भरली, रुंदी साडेपाच, उंची पावणेसहा. वच्छलानं गॅरेजच्या अंगणात चुन्याच्या फक्कीनं तेवढाच चौकोन आखला आणि भिवाजीला म्हणाली, "निजा यात."

"अवं, मानसं पाहून राह्यले ना."

"पाहू द्या. निजा."

भिवाजी निजला. त्याच्या शेजारी वच्छला निजली, सव्वीस वर्षांची नर्स, पांढऱ्या लुगड्यात, भर बाजाराच्या दिवशी. डोक्याशी किती जागा उरते, पायाशी किती, हे तिनं पडल्या पडल्याच मोजलं. जमशेद मिस्त्री हातातला पाना तसाच धरून बघत राहिला.

"क्या करून राह्यले भाभी?"

"घर बांधून राह्यलो, जमशेदभाई. मले गावात कोनी खोली देत नाई. म्हून खोलीच घेऊन जातो गावात."

जमशेद आधी हसला, मग तिचं तोंड पाहून त्यानं पाना खाली ठेवला. "इंजन मैं देखता," तो म्हणाला. "लेकिन उसका भरोसा नहीं देता."

वच्छलाच्या हातातले चांदीचे गोठ गेले आणि मोटार आली. पुढचे दोन महिने भिवाजी गॅरेजचं काम संपलं की तिच्यात घुसायचा. आखणी सगळी वच्छलाची. दर रविवारी ती वहीत चित्र काढून आणायची. दोन्ही बाजूंना फळ्या हव्यात, दिवसा बसायला आणि रात्री निजायला. वरच्या दोन फळ्यांना बिजागऱ्या आणि साखळी, म्हणजे सकाळी उचलून पत्र्याला लावता येतील. स्टोव्हची पेटी मागच्या दारापाशी, म्हणजे धूर बाहेर जाईल. माठासाठी फळीला गोल भोक, गाडी कितीही हलली तरी माठ कलंडायचा नाही. छताच्या कमानीला पाळण्याचा आकडा. मागची दोन दारं उघडली की त्यांच्यामध्ये ताडपत्री बांधायची, आत आंघोळीची जागा. भिवाजी चित्राकडे बघायचा, कान खाजवायचा, आणि चित्रातल्यापेक्षा चांगलं करून ठेवायचा. विशाखासाठी वरच्या फळीला त्यानं सांगितल्याशिवायच कठडा बसवला. त्याची पट्टी इतकी गुळगुळीत घासली होती, की वच्छला त्यावरून कितीतरी वेळ हात फिरवत राहिली.

घरात मात्र सासू भागिरथाबाई पेटून उठली होती. लेकरं सांभाळायला गाडीत तीही लागणार होती, आणि ती म्हणे येतच नाही.

"चाकावर राहाले का आपन पालवाले हाओ?" ती म्हणाली. "छप्पन साली नागपूरले पायी गेलो मी. धा दिवस चाललो. कायले? गावाबाहेरचं जिनं सोडाले. अन् तू शिकली-सवरली, तू पुन्हा लेकरं घेऊन गावाबाहेर जाऊन राह्यली?"

हा घाव मात्र वर्मी बसला. त्या दहा दिवसांच्या चालण्याबद्दल ऐकत ऐकतच तर वच्छला या घरात नांदली होती. तिनं वही आणली आणि तिच्यातलं एक पान सासूपुढे धरलं. भागिरथाबाईला वाचता येत नव्हतं, पण नकाशा कळला.

"हे तलाठ्याकडून उतरवून आनलं, आत्याबाई. ही पंचायत. हे उपकेंद्र. ही जागा झेडपीची हाय, चाळीस बाय साठ फूट. गाडी यात उभी करतो. गावाबाहेर नाई. गावाच्या बरोब्बर मधात."

भागिरथाबाईनं पानावर बोट ठेवलं. पंचायतीवर, मग उपकेंद्रावर, मग मधल्या रिकाम्या जागेवर.

"अन् उन्हाळ्यात?" ती म्हणाली. "पत्र्याखाली लेकरं भाजून निघतीन. वर तुराट्या घाल. दोन पत्र्यांच्या मधात, दाट. अन् त्यावर तरटं. भिवाजीले सांग, त्याले यातलं काई समजत नाई."

फाल्गुनात मोटार चिचझरीत शिरली. पुढं भिवाजी, त्याच्या शेजारी मिलिंदला घेऊन भागिरथाबाई, मागे वच्छला आणि विशाखा. टॉकीजवाल्यानं रंगवलेला मोठा लाल चांद अजून एका बाजूनं दिसत होता. गावाला वाटलं सिनेमा आला. पोरं "सिनेमा, सिनेमा" करत मागे धावली, आणि दार उघडून आतून माठ, पाळणा आणि नर्सबाई निघाली तेव्हा तशीच उभी राहिली.

भिवाजीनं भिडेखातर मोटार उपकेंद्राच्या मागे लावली, गुरांच्या गोठ्यांकडे, कोणाच्या फारसं डोळ्यांवर येणार नाही अशी. वच्छलाला ते आवडलं नाही, पण पहिल्याच दिवशी नवऱ्याशी वाद नको म्हणून ती गप्प बसली. त्या रात्री मिलिंद तिच्या कुशीत झोपला, तीन-चार महिन्यांनी. सकाळी वरच्या फळीवरून विशाखा म्हणाली, "माय, हे घर आपलंच हाय ना?" पाळणा हलवता हलवता वच्छला नुसती हसली.

पंधरा दिवसांनी पोलीस पाटील दौलतराव आले. माणूस शांत, धोतर स्वच्छ, आवाज गोड.

"नर्सबाई, गुरांची वाट अडून राह्यली. लोकायची तक्रार हाय. तीन दिवसांत गाडी हलवा."

"कोठी हलवू, पाटील?"

"ते तुमी पाहा. ओढ्याच्या तिकडं जागा लय हाय."

"खोल्याबी लय होत्या गावात," वच्छला म्हणाली. "एकाच्या भाच्याले लागली, एकाची गळून राह्यली, एकाची म्हने पितरांची होती. तुमच्या भावाचीबी होती त्यात."

दौलतरावांनी मान खाली घातली, पण हुकूम मागे घेतला नाही. "तीन दिवस," म्हणाले आणि गेले.

तिसऱ्या दिवशी भिवाजी गॅरेजवर न जाता चिचझरीत आला. सकाळी पंचायतीच्या ओट्यावर बरीच माणसं जमली होती. नर्सबाई कशी जाते ते पाहायचं होतं. भिवाजीनं मोटारीच्या नाकात हँडल घातला. एकदा फिरवला, दोनदा फिरवला, इंजिन खोकून बंद पडलं. ओट्यावर कोणीतरी हसलं. एरवी असा हसण्याचा आवाज आला की भिवाजीच्या हातातलं काम गळायचं. त्या दिवशी त्यानं मुंडासं काढून बाजूला ठेवलं आणि पूर्ण अंगाचा जोर लावला. मोटार धडधडली.

वच्छला पुढं चालत गेली आणि हातानं दाखवत गेली. मोटार उपकेंद्राच्या मागून निघाली, वळली, ओढ्याच्या रस्त्याला लागेल असं सगळ्यांना वाटलं, आणि उपकेंद्राच्या पुढं, पंचायतीच्या ओट्यापासून वीस हातांवर, निंबाखाली येऊन थांबली. मागचं दार नेमकं ओट्याकडे. भिवाजीनं इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि चारही चाकांना दगड लावले.

"हे काय?" दौलतराव ओट्यावरून उतरले.

"तुमी हलवा म्हनलं, आमी हलवली," भिवाजी म्हणाला. लोकांसमोर एवढं लांब वाक्य तो पहिल्यांदाच बोलला होता. "गुरांची वाट आता मोकळी हाय."

"ही जागा…"

"झेडपीची हाय," वच्छला म्हणाली. "मोजून पाहा. टेप मी देतो."

टेप कोणी घेतला नाही. वरच्या ऑफिसात मात्र अर्ज गेला, की नर्स सरकारी जागेवर अतिक्रमण करून राहते. आठवड्यानं तालुक्याचे डॉक्टर जीपमधून चौकशीला आले. त्यांनी आत डोकावून पाहिलं. भागिरथाबाई स्टोव्हवर भाकरी करत होती, पाळणा हलत होता, खालच्या फळीवर लसीची पेटी नीट ठेवलेली.

"इंगळेबाई, असं राहता येत नाही."

"मुख्यालयी राहा असा हुकूम हाय, साहेब. हे मुख्यालय. अन् मी राह्यतो. खोली द्या, आज जातो."

डॉक्टरांकडे खोली नव्हती. जाता जाता ते म्हणाले, "बघू. कागद वर पाठवतो." कागद वर गेला की नाही कोण जाणे. पण रामनवमी जवळ आली, पोहरादेवीच्या यात्रेत कॉलऱ्याच्या सुया टोचायच्या होत्या, आणि सरकारी व्हॅन नेमकी तेव्हाच नादुरुस्त झाली. डॉक्टर पुन्हा चिचझरीत आले. या खेपेला ते ओट्यावर न जाता सरळ मोटारीच्या दाराशी उभे राहिले.

"बाई, तुमची गाडी चार दिवस मिळेल का?"

वच्छलानं वही पुढं केली. "मिळन. पन आधी लिहून द्या."

"काय लिहून देऊ?"

"हे नर्सचं अधिकृत राहन्याचं ठिकान हाय, म्हून."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, मग ओट्याकडे, तिथं दौलतराव कान देऊन बसलेले. मग त्यांनी पेन काढलं, उभ्या उभ्याच लिहिलं आणि खाली सही केली. वच्छलानं तो कागद दोनदा वाचला. एका शब्दापाशी थांबून म्हणाली, "साहेब, इथं 'तात्पुरतं' लिहिलं. हे खोडा." त्यांनी खोडलं.

पोहरादेवीला चार दिवस मोटारीपुढं रांग होती. तांड्या-तांड्यांवरून आलेल्या बायका हातभर बांगड्या कोपरापर्यंत सरकवून दंड पुढं करायच्या, आणि सुई लागली की आत डोकावून विचारायच्या, हे घर हाय का दवाखाना? भागिरथाबाई सगळ्यांना आत बोलावून वरची फळी कशी उचलते ते दाखवायची. तुराट्या माझ्या सांगण्यावरून घातल्या, हेही सांगायची.

पुढं वर्षभरानं दौलतरावांच्या भावानं खोली देऊ केली. गळत होती ती आता शाकारली आहे, म्हणाला. वच्छलानं आभार मानले आणि नाही म्हणून सांगितलं. खोलीवर राग नव्हता तिचा. पण गरज असते तेव्हा उघडत नाही आणि नसते तेव्हा उघडतं, असल्या दारातून जायचं तिच्या मनात नव्हतं.

निंबाखाली ती साडेतीन वर्षं राहिली. या काळात जमशेद मिस्त्रीनं तिला मोटार चालवायला शिकवलं, कारण भिवाजी आठवड्यातून एकदाच यायचा आणि बाळंतिणी रविवाराची वाट पाहत नव्हत्या. शिकवताना जमशेद ओरडायचा, तीही ओरडायची. अठ्ठ्याहत्तर साली तिची बदली शेलूबाजाराकडच्या एका गावी झाली. निघायच्या दिवशी भिवाजीनं हँडल मारला आणि मागं लेकरांत जाऊन बसला. वच्छलानं लुगड्याचा पदर खोचला, दोन्ही हातांनी ते मोठं चाक धरलं. दुसरा गिअर टाकला की सुटायचा, म्हणून त्याच्या दांड्याला तिनं गुडघा लावून ठेवला. शेजारी भागिरथाबाई पुढच्या काचेवर डोळे रोखून बसली होती.

"हळू चालव," ती म्हणाली. "अन् त्या नव्या गावात जागा आधी मोजून घेतली ना?"

"मोजली."

"मंग चाल."