सहाव्या दिवशीचं मौन

रंजना गेली तेव्हा मी तिच्या शेजारच्याच आसनावर होते. हात लांबवला असता तर तिच्या खांद्याला लागला असता. त्यामुळे बातमी कशी कळली वगैरे मला लिहिता येत नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी जो तो येऊन म्हणत होता, "ध्यानात गेली हो, भाग्यवान बाई!" आणि मैत्रीण म्हणून मला माईकसमोर उभं केलं तेव्हा मीही तेच म्हणाले. शांत गेली, म्हणाले. खोटं बोलले... दोन महिने झाले त्याला.

आम्ही दोघी बोर्ली पंचतनजवळच्या एकाच गावातल्या. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, मी अंगणवाडीत. निवृत्त झाली त्याच वर्षी ती एक फॉर्म नाचवत माझ्या दारात आली. "शोभे, बौद्ध अध्ययनात एम.ए. करायचं. तू पण." मी म्हटलं, "अगो, या वयात? मला चष्मा लावूनसुद्धा तांदळातला खडा दिसत न्हाय." ऐकेल तर शपथ! माझाही फॉर्म तिनंच भरला, मी फक्त सही केली. दर रविवारी दिघीहून फेरीबोटीनं आगरदांड्याला, तिथून एसटीनं अलिबागच्या अभ्यासकेंद्रात. बोटीवर ती माझ्याकडून पाली विभक्ती पाठ करून घ्यायची आणि चुकले की मांडीवर चापट मारायची. मोटरसायकलवाली पोरं खुशाल बघत हसायची. काशीदला एसटीत सहलीची माणसं भरली की त्या गोंगाटातही ही बाई डोळे मिटून ध्यानाला बसायची, आणि मी तिची पिशवी सांभाळायची.

ग्रंथ, ध्यान आणि सेवा, असे त्या शिक्षणाचे तीन भाग होते. तिन्हीत पास झालं तरच पदवी. सेवेसाठी रंजनानं गावच्या विहारात म्हाताऱ्या बायकांचा वर्ग सुरू केला, शनिवारी दुपारी. या बायकांना वंदना तोंडपाठ, पण ती पालीत. अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता. रंजना एकेक ओळ फोडून सांगायची. पहिल्याच दिवशी भिकाआजी पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "इतकी वर्सं म्हनते मी, पन काय म्हनते त्ये कोनी सांगलंच न्हाय." घरी येताना रंजना माझ्या दाराशी थांबली. म्हणाली, "मी तरी एवढी वर्षं काय केलं गो? नुसतीच म्हणत होते." सेवेचे तास केव्हाच भरले, तरी तिनं वर्ग सोडला नाही.

ध्यानाच्या भागाला दहा दिवसांचं शिबिर सक्तीचं होतं. पूर्ण मौन. बोलायचं नाही, खुणा नाहीत, एकमेकींच्या डोळ्यांत बघायचंसुद्धा नाही. आदल्या महिन्यात एका दिवसाच्या सरावाला मी तिच्या कानात "चहा कधी मिळेल?" म्हणून कुजबुजले होते, तर परतीच्या वाटेवर तिनं मला सोलून काढलं. "तोंड बंद ठेवता येत न्हाय, तू कसली एम.ए. होतेस!" मी मनाशी ठरवलं, आता हिला दाखवतेच.

आणि दाखवलं.

सहाव्या दिवशी सकाळी तिच्या मानेवर घाम होता. हवा गार होती. ती डावा दंड चोळत होती, मग जबडा. मला दिसत होतं! पण सहा दिवस आम्ही तेच तर शिकत होतो... वेदना उठते, तिच्याकडे नुसतं बघायचं, ती जाते. मला वाटलं, रंजना बघतेय. खरं सांगते, मला तिचा हेवा वाटला. मग तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. सरळ डोळ्यांत. नियम मोडून. आणि मी, मी नजर खाली घातली.

घंटा झाली, सगळ्या उठल्या. ती उठली नाही.

डॉक्टर म्हणाले, त्रास बराच आधी सुरू झाला असणार. मला कुणी नियमांचं सांगू नये. काही झालं तर शिबिराच्या सेविकेला सांगायची मुभा नियमातच होती, आणि सेविका दारातच बसली होती. मी उठले नाही. का? तर रंजना रागावेल म्हणून! कशाची पदवी आणि कसलं काय... जिवाची मैत्रीण समोर मरत होती आणि मी मौनात पहिली आले.

तिच्या लेकीनं, प्रज्ञानं, तेव्हाच विचारलं होतं, "मावशी, आईला काही होत होतं का? तुम्ही शेजारीच होतात ना?" मी "नाही गं" म्हणाले. गेल्या आठवड्यात अलिबागला तिच्या घरी जाऊन सगळं सांगितलं.  तिनं उठून चहा केला, माझ्यासमोर ठेवला, आणि स्वतः आत गेली. निघताना मी विचारलं, हे लिहू का? "लिहा," दारातून म्हणाली. "तुमचं नाव घालून लिहा." आणि दार लावून घेतलं. मला तेही चालेल.

शनिवारचा वर्ग आता मी घेते. शेवटी दहा मिनिटं ध्यान. बायका डोळे मिटतात, मी मिटत नाही. मला ते आता जमत नाही. मी एकेकीच्या छातीकडे बघत बसते, वरखाली होतेय ना म्हणून. परवा भिकाआजीचा हात एकदम छातीशी गेला. मी किंचाळलेच, "काय होतंय गो?" सगळ्या दचकल्या. आजी घाबरून म्हणाली, "काय न्हाय गो बाय, पोलक्यातली मिशरीची डबी सरकली." बायका खोखो हसल्या. मीही हसले, आणि मग मला रडू आवरेना. तीन शब्द. तीनच शब्द तर विचारायचे होते गो, रंजना.