धुळ्याहून आणलेला पेनड्राइव्ह

बायको गेल्यावर बरेच दिवस घरातला संगणक कुणी लावला नाही. मी लावला तेव्हा काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत, सिस्टीम सापडत नाही, एवढंच आलं.

तो संगणक तिचाच होता. शाळेतून निवृत्त झाल्यावर तिने अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करायचं ठरवलं होतं. फैजपूरकडच्या एका मुलीसाठी राज्यशास्त्राचं पुस्तक वाचायला घेतलं, ते पहिलंच. बरेच धडे झाले होते, पण पूर्ण झाल्याशिवाय द्यायचं नाही म्हणून एकही पाठवलेला नव्हता. तिच्या आवाजाचं माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं. व्हिडिओ ती काढू द्यायची नाही.

जळगावच्या बाजारातला दुकानदार म्हणाला, "काका, नवीन सिस्टीम टाकून देतो. संध्याकाळी घेऊन जा."

"आणि आतलं?"

"आतलं जाईल. काही महत्त्वाचं होतं का?"

मी संगणक पुन्हा रिक्षात ठेवून घरी आणला.

माझा मेहुणा धुळ्याला ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान चालवतो. त्याने फोनवर सांगितलं की, फुकट मिळणारी एक सिस्टीम पेनड्राइव्हवर घ्यायची आणि संगणक त्यावरून सुरू करायचा. आतल्या डिस्कला धक्का लागत नाही, धडे उतरवून घेता येतात.

मी जन्मभर कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलं. तिथे जाऊन फाइल उतरवली, पेनड्राइव्हवर नीट ठेवली, वर नावाची चिठ्ठी डकवली. घरी लावला तर तोच काळा पडदा.

"दाजी, फाईल नुसती टाकीसन चालत नही," मेहुणा फोनवर हसला. "तुम्हीन पुस्तक कपाटमा ठी दिधं, उघाडं कोठे?" फाइल नुसती ठेवून भागत नाही, एका वेगळ्या प्रोग्रामने ती पेनड्राइव्हवर मांडावी लागते, तरच संगणकाला सुरुवात कुठून करायची ते कळतं. हे मला कुठे ठाऊक असणार. मी नेहमी करतो तेच केलं होतं, नाव लिहून जागेवर ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी धुळ्याची एसटी धरली. ही गाडी आम्ही तिच्या माहेरासाठीच धरायचो. एरंडोलला एक बाई शेजारच्या जागेकडे बोट दाखवून म्हणाली, "कुणी आहे का इथं?" नाही म्हणून मी खिडकीकडे सरकलो.

मेहुण्याकडची सिस्टीम मोठी होती, तिला माझा पेनड्राइव्ह लहान पडला. मेहुण्याने स्वतःचा लावला. यातलं सगळं पुसलं जाईल, असा इशारा पडद्यावर आला.

"काय आहे यात?" मी विचारलं.

"पोऱ्याना हळदना गाना. जाऊ द्या, नाचणारा बठ्ठा दमी गयात."

मुलाच्या हळदीतल्या गाण्यांवर पाणी सोडून त्याने बटण दाबलं. हिरवी पट्टी हळूहळू सरकायला लागली. आम्ही दोघं तिच्याकडे बघत बसलो. पट्टी भरल्यावर त्याने पेनड्राइव्ह काढून माझ्या हातात दिला आणि बजावलं की, दोन पर्याय येतील. पहिला, वापरून पाहा. दुसरा, बसवा. दुसऱ्याला हात लावायचा नाही, डिस्क साफ होईल. स्टँडवर सोडायला आला तेव्हा म्हणाला, "आक्काचं काही निघालं तर मलाही पाठवा." हे तो साध्या मराठीत बोलला. एरवी घरात तो अहिराणीशिवाय बोलत नाही.

घरी आल्यावर चष्मा पुसला, पडद्यावरच्या दोन्ही ओळी मोठ्याने वाचल्या आणि पहिली निवडली. डिस्क दिसली. आत धडे ओळीने होते. ते आधी दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवले आणि मग सगळ्यांत शेवटचा लावला.

ती मूलभूत हक्कांबद्दल वाचत होती, एक वाक्य अडलं म्हणून पुन्हा वाचलं. मग दार वाजलं आणि माझा आवाज आला, "चहा ठेवू का?" रेकॉर्डिंग तिथेच संपलं. उत्तर द्यायला तिने ते बंद केलं असणार. ती हो म्हणाली की नको म्हणाली, हे मला आठवत नाही. मी तो धडा पुन्हा लावला, पण ते आठवलं नाही.

धडे मेहुण्याला पाठवले, त्या मुलीलाही. चार-पाच दिवसांनी तिचा फोन आला.

"सर, शेवटच्या धड्यात कुणीतरी चहाचं विचारतं. तेवढं कापून घेऊ? मला येतं कापता."

"राहू दे."

"बरं. पुढचे धडे कधी देतील मॅडम? परीक्षा जवळ आलीय."

तिला कुणी कळवलंच नव्हतं. मी सांगितलं. पलीकडे कुठलीशी गाडी वाजत गेली.

"चहाचं विचारणारे तुम्हीच का?" तिने विचारलं.

"हो, मीच," मी म्हणालो.