आत्यानं कानात सांगितलेलं नाव

मी गाव सोडलं तेव्हा माझ्या भावाच्या रक्ताचे डाग विहिरीच्या धक्क्यावर तसेच होते. ते निघत नव्हते असं नाही, धुवायला कुणी तिकडं फिरकतच नव्हतं. माझं लग्न देवळात घाईघाईनं उरकलं. मांडव नाही, वाजंत्री नाही, वस्तीच्या तोंडाशी पोलिसांची गाडी उभी. नवरा गलाईवाला. म्हणजे मदुराईत जुनं सोनं गाळून शुद्ध करून देण्याचं त्याचं दुकान. आमच्या भागातली निम्मी घरं याच धंद्यापायी देशभर पांगली आहेत. आई उंबऱ्यातच थांबली. मिरजेच्या स्टेशनापर्यंत वडील आले. त्यांना आम्ही तात्या म्हणतो. गाडी हलताना त्यांनी खिडकीचे गज धरले आणि म्हणाले, "तिकडं कुणी इचारलं तर भावाचं नाव ताठ मानंनं सांगायचं."

मी कुणाला सांगितलं नाही. सांगायला लागले असते तर तोंडातून नावाऐवजी शिवी निघाली असती.

गावात राहिलेल्यांनो, तुम्हाला हे सगळं पाठ आहे. पण माझ्यासारखे जे लांब गेले आणि "पोटासाठी आलो" असं सांगून मोकळे झाले, त्यांच्यासाठी पुन्हा सांगते. तासगावच्या वरच्या अंगाला आमची वस्ती. विहीर भावकीत सामायिक, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या, आणि उन्हाळ्यात द्राक्षबागा जळायला लागल्या की त्या पाळ्या मोडलेल्या. अशाच एका पाळीवरून तात्यांच्या थोरल्या भावाला वरच्या वस्तीच्या भाऊबंदांनी पहारीनं मारलं. मेलेल्या थोरल्याचं नाव सर्जेराव, घरात सगळे आबा म्हणत. त्याच वर्षी माझा भाऊ जन्मला. बारशाला माझी आत्या, म्हणजे मेलेल्या माणसाची सख्खी बहीण, पाळण्यावर वाकली आणि रडत रडत बाळाच्या कानात तेच नाव सांगितलं.

आपल्यात हे नवं नाही. गेलेल्या माणसाचं नाव पोराला ठेवतात, त्यात माया असते. आमच्या घरात माया नव्हती, खुन्नस होती. खंडेनवमीला सगळे खुरपी, विळे, फाळ धुऊन पुजतात. तात्या त्यांच्यासोबत माळ्यावरची एक कुऱ्हाड काढायचे. वर्षभर तिनं एक ढलपीसुद्धा फोडलेली नसायची. भावाला पाटावर बसवून तिला हळदीकुंकू लावायला सांगायचे आणि विचारायचे, "नाव काय तुजं?"

"सर्जेराव."

"कुणाचं नाव हाय ते?"

"थोरल्या आबाचं."

मग आबाला कुणी कुणी मारलं ती नावं तो ओळीनं म्हणायचा. शाळेत त्याचे पाढे चुकायचे, ही नावं कधी चुकली नाहीत. चुकला असता तर तात्यांनी चाबकानं पाठ सोलली असती. एकदा नुसता अडखळला होता, तेव्हा कानाखाली अशी बसली की कानातून रक्त आलं. आई भाकरी थापत होती. तिनं भाकरी उलटली आणि पुन्हा थापायला लागली. मला तिचा त्या वेळी फार राग आला होता. आजही येतो.

पण आईचं आणखी एक होतं. थोरल्या दिराचं नाव सुनेनं तोंडानं घ्यायचं नाही. त्यामुळे पोटच्या पोराला तिनं जन्मात कधी नावानं हाक मारली नाही. बाळा म्हणायची, पोरा म्हणायची, लांब असला तर नुसतं "आरं ए" म्हणून ओरडायची.

मिसरूड नीट फुटलं त्या उन्हाळ्यात भावानं ती कुऱ्हाड माळ्यावरून काढली. खंडेनवमी लांब होती. मी धक्क्यावर धुणं धूत होते. वरच्या वस्तीचा एक पोरगा मोटार चालू करायला आला होता. आबाला मारलं तेव्हा तो जन्मलाही नव्हता. भावानं एकाच घावात त्याचा हात मनगटापासून तोडला. हात मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीवर पडला आणि त्याची बोटं हलत होती, हे मी पाहिलंय. मग वरच्या वस्तीवरून तिघं पळत आले. पहिली पहार भावाच्या खांद्यावर बसली, दुसरी डोक्यात, आणि तो पडल्यावर किती बसल्या ते देवाला माहीत. मी हाताला येईल ते फेकून मारत होते. ओली लुगडी, धोपाटणं, साबणसुद्धा. त्यांनी माझ्याकडं वळूनही पाहिलं नाही.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून त्याला दारात आणलं. बायका त्याचं नाव घेऊन रडायला लागल्या, आणि आई त्याच्या फुटलेल्या डोक्याशी बसून नुसतं "बाळा, बाळा" करत राहिली. तेव्हासुद्धा तिच्या तोंडून नाव निघालं नाही. मला वाटलं, एक शेणाचा पो उचलावा आणि या सगळ्या रीतीरिवाजांच्या तोंडावर मारावा.

मदुराईत गेल्यावर मी पहिली दोन वाक्यं शिकले त्यातलं एक होतं "पेर एन्ना?" म्हणजे नाव काय? तिकडच्या बायका विचारतात आणि मग त्या नावाचा अर्थही विचारतात. मीही विचारायला लागले. आमच्या दुकानात अन्बू नावाचा कारागीर आहे. अन्बू म्हणजे प्रेम. आमच्या वस्तीवर असल्या नावाच्या पोराचं काय झालं असतं, याचा विचार करून मी पुष्कळ हसले. कोपऱ्यावरचा वेट्रिवेल, म्हणजे विजयी भाला, तो मोगऱ्याचे गजरे विकतो. एवढं मोठं नाव ठेवूनही त्याचा बाप त्याला कुणाच्या अंगावर सोडत नाही. तिथं पोरांच्या नावाआधी बापाच्या नावाचं एक अक्षर लागतं, आडनाव नसतंच. माझ्या मुलाला शाळेत घातलं तेव्हा बाईंना आमचं आडनाव कुठं घालावं ते कळेना. मला बरं वाटलं. ते आडनाव त्या विहिरीवर दोन्ही बाजूंचं एकच होतं.

आमच्या शेजारी पिच्चैअम्मा राहते. रोज भांडते, रोज वाटीभर सांबार आणून देते. पिच्चै म्हणजे भीक. तिच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून ती झाल्यावर आईनं तिला देवळाच्या पायरीवर ठेवलं आणि भीक मागून परत घेतली. यमाला वाटावं, हे भिकेतलं पोर, याला कशाला न्यायचं. मी तिला म्हणाले, अगं, आमच्याकडंही भिकू, भिकाबाई असतात, याच कारणानं. कुप्पुस्वामी म्हणजे उकिरड्यावर टाकून उचललेला, तसा आमच्याकडं केरू. तिला इतका आनंद झाला की तिनं माझा हातच धरला.

त्या दिवशी घरी येऊन मी स्वयंपाकघरात ताटं आपटली. नवरा घाबरून बाहेर गेला. हजार कोसांवरच्या, एकमेकींची भाषा न कळणाऱ्या बायांनी मरण चुकवायला पोरांना एकच नाव शोधून काढलं. आणि आमच्या घरानं नाव ठेवलं ते मरण बोलवायला.

चार वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाला, दिलीपला, मुलगा झाला. त्याची बायको सोनाली साताऱ्याची, शहरात शिकलेली. तिनं मोबाइलवर नाव शोधून ठेवलं होतं, रेयांश. अर्थ विचारला तर म्हणाली, "छान लागतं कानाला." पण तात्यांनी बाळाचं तोंड बघताच नाव जाहीर केलं होतं. सर्जेराव. माळ्यावरची कुऱ्हाड पोलिसांनी नेली होती, तात्यांनी दुसरी आणून ठेवली होती. आणि वरच्या वस्तीवर त्या हात तुटलेल्याचा पोरगाही आता मोठा होत होता. त्याला काय पाठ करून घेत असतील ते मला सांगायला नको.

सोनालीनं मला फोन केला. "आक्का, कानात नाव तुम्हीच सांगणार. काहीही ठेवा, पण ते नको. मला माझ्या पोराला हाक तरी मारता यायला हवी."

बारशाला मी गेले. पुरुष सोप्यात बसले होते, आत बायका. पाळण्याखालून वरून बाळ दिलं घेतलं. मी पाळण्यावर वाकले. खरं सांगते, कानाशी तोंड नेईपर्यंत माझं काही ठरलं नव्हतं. बाळाच्या कपाळावर घामाचे थेंब होते. मी कुर्र केलं आणि म्हणाले, "भिकाजी." मग सरळ उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाले.

आत्यानं नाव सांगितलं की बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात, ती थट्टा असते. दोन-चार पडलेही. मग त्यांना नाव कळलं आणि हात थांबले. सोप्यातून तात्या उठून आत आले. त्यांनी बायकांना बाजूला केलं आणि माझ्या पाठीत, बायका मारतात तिथंच, गुद्दा घातला. मग दुसरा. तिसऱ्याला मी पाळण्याची दोरी धरून खाली बसले. श्वास येईना. तात्या म्हणाले, "बदल ते. आत्ताच्या आत्ता."

मी म्हणाले, "कानात गेलंय, तात्या. आता न्हाई निगत. मारून बघा."

त्यांनी पुन्हा हात उचलला. तेवढ्यात आई पुढं आली. त्या घरात तिला तात्यांच्या आणि कुणाच्या मध्ये उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. तिनं पाळण्यातून बाळ उचललं, छातीशी धरलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "भिकू. चल रं भिकू, आईकडं." दोन पावलं गेली आणि पुन्हा म्हणाली, "भिकू माजा." मग तिला थांबताच येईना. सोनालीच्या ओटीत बाळ घालेपर्यंत ती ते नाव घेत राहिली, आणि रडत होती. तात्यांचा हात खाली आला. ते बाहेर गेले, जेवले नाहीत.

दाखल्यावर सोनालीनं रेयांश घातलंय. घालू दे. माझ्या पाठीला थंडीत अजून कळ येते आणि मी नवऱ्याला सांगते, हे माझं बारशाचं मानपान.

या खंडेनवमीला दुपारी फोन वाजला. सोनालीचा फोन पोरानं पळवला होता. पडद्यावर त्याचं नाक आणि मागं पाट, पाटावर विळे, खुरपी आणि तात्यांनी आणलेली ती दुसरी कुऱ्हाड. तात्या भिंतीला टेकून बसलेले. त्यांनी पोराला नाव विचारलं होतं, त्यानं भिकू सांगितलं होतं. मग त्यांनी पुढचं विचारलं होतं आणि पोराला उत्तर येत नव्हतं.

"आत्या, माजं नाव कुणाचं हाय?"

तात्या ऐकत होते. मला ती पहार आठवली, ती हलणारी बोटं, आईचं ते बाळा बाळा.

"कुणाचं न्हाई, राजा," मी म्हणाले. "तुजं तुजंच हाय."

पोर फोन तसाच टाकून तात्यांकडं पळालं आणि त्यांना ओरडून सांगितलं, माजं माजंच हाय. पडद्यावर नुसतं छत दिसत होतं. पत्रा तोच. मग लांबून, बहुतेक गोठ्याकडून, आईची हाक आली, "भिकूऽऽ, जेवाया ये रं." वरच्या वस्तीपर्यंत जाईल एवढी मोठी. मदुराईतल्या माझ्या स्वयंपाकघरात मी फोन बंद न करता ऐकत उभी राहिले. त्या घरात परत राहायला मी कधीच जाणार नाही. पण ती हाक जिथून येते, ते माझं घर.